पुण्याजवळच्या गावात भाड्याने राहायचे आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे मुळशी, मावळ, हवेली, पुरंदर, भोर, खेड अशा तालुक्यांतली गावे डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. नोकरी किंवा कॉलेज पुण्यात, पिंपरी-चिंचवडला किंवा हिंजवडीला, आणि राहणे गावात, असा बेत असलेल्यांसाठी. शनिवार-रविवारी जायला फार्महाउस हवे असेल तर यातले निम्मे तुमच्या कामाचे नाही.

ग्रामपंचायतीचे गाव आणि महापालिकेत गेलेले गाव, भाडेकरूला काय फरक पडतो?

बराच पडतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, नांदेड, खडकवासला, वाघोली ही दुसऱ्या खेपेतली. तिथे भाडे शहराच्या बरोबरीला पोचले, पण पाणी अनेक ठिकाणी अजून टँकरचेच. भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावे ग्रामपंचायतीची. तिथे नळ, दिवे, कचरा या सगळ्याची तक्रार ग्रामसेवकाकडे किंवा सरपंचाकडे न्यायची असते. ग्रामसेवकाचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण हाक जुनीच चालते. आमचे मत विचाराल तर शहराला चिकटलेल्या गावात दोन्हीकडचे तोटे मिळतात. आणखी पाच-सात किलोमीटर पुढे जा, किंवा सरळ शहरात राहा.

भाडे अर्धे आहे. मग महिन्याला अर्धे पैसे वाचतील ना?

आधी पेट्रोलचा हिशेब करा. घर ते काम २५ किलोमीटर धरले तर रोजचे ५० आणि महिन्याच्या २४ दिवसांचे १,२०० किलोमीटर होतात. दुचाकी लिटरला ५० देत असेल तर २४ लिटर लागते. लिटरमागे १०५ रुपये धरले की २,५२० रुपये. कार लिटरला १५ देत असेल तर ८० लिटर, म्हणजे ८,४००. टायर, सर्व्हिसिंग, टोल निराळे. एकाच कारने नवरा-बायको दोघे जात असतील तर गणित जमते. दोघांच्या वाटा वेगळ्या असतील तर भाड्यातली बचत बहुतेक पंपावरच संपते. उन्हाळ्यातले टँकर, इन्व्हर्टर आणि वर्षाची वर्गणीही यात धरा. दुचाकीवर जाणारा एकटा माणूस, घरून काम करणारे आणि जागा मोठी हवी असलेले कुटुंब, या तिघांना गाव खरोखर परवडते.

घर शोधायचे कुठे? ऑनलाइन काहीच दिसत नाही.

दिसणारही नाही. गावातली खोली तोंडी जाते. किराणा दुकान, दूध डेअरी, पिठाची गिरणी, केशकर्तनालय आणि एसटी थांब्याजवळची टपरी, एवढ्या ठिकाणी विचारले की गावात कुठे काय रिकामे आहे ते कळते. सकाळी आठ ते दहा किंवा संध्याकाळी सहानंतर जा. दुपारी मालक रानात किंवा कंपनीत असतो. जोडीदार, आई-वडील कुणीतरी बरोबर असेल तर बोलणे लवकर पुढे सरकते. एजंट बहुधा एका महिन्याचे भाडे घेतो. त्याने दाखवलेल्या घराच्या शेजाऱ्याशी एजंट नसताना पाच मिनिटे बोला.

मालक खरा कोण, हे कसे ओळखायचे?

गावातल्या घराची सगळ्यात मोठी अडचण हीच. घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, वारस पाच, आणि भाडे घेणारा त्यातला एक. वर्षभर सुरळीत चालते. मग भावकीत वाटणी निघते आणि एके दिवशी चुलतभाऊ दारात येऊन "तुम्हाला कुणी ठेवले?" असे विचारतो.

म्हणून तीन कागद मागा. पहिला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. ही घरांची कर-आकारणीची यादी असते, त्यात मालक आणि भोगवटदार (प्रत्यक्ष राहणारा) अशी नावे दिसतात. दुसरा, चालू वर्षाच्या घरपट्टी-पाणीपट्टीची पावती. तिसरा, वीजबिल. तिन्हींवर एकच नाव आणि तेच तुमच्या समोर बसलेल्या माणसाचे, असे असेल तर उत्तम. नावे वेगळी असतील तर नाते विचारा आणि बाकीच्या हिस्सेदारांची संमती साध्या कागदावर सह्यांसकट घ्या. नमुना ८ हा मालकीचा पक्का पुरावा नाही, फक्त कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. पण भाडेकरूला तेवढ्यावर काम भागते. ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणात, म्हणजे गावच्या मूळ वस्तीच्या जागेत, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते, ती असेल तर जास्त बरे.

घर गावठाणाबाहेर, शेतात असेल तर सातबारा पाहा. महाभूलेख संकेतस्थळावर गट नंबर टाकला की दिसतो. "इतर हक्क" या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कोर्टाचा दावा आहे का ते बघा. बोजा असला म्हणून घर सोडायचे कारण नाही. दावा असेल तर मात्र दुसरे घर बघा.

करार नोंदवायलाच हवा का? मालक म्हणतो, नोटरी पुरे.

नोटरी पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो अकरा महिन्यांचा असला तरी सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बऱ्याच मालकांना ही बाजू ठाऊकच नसते. धमकी म्हणून सांगू नका. "काका, यात तुमचाच बचाव आहे" असे सांगितले की पटते. मुदत संपून भाडेकरू हलला नाही तर कलम २४ खाली मालकाला त्याला बाहेर काढण्याचा झटपट मार्ग मिळतो, आणि उशिराबद्दल दुप्पट दराने रक्कम मागता येते.

मुद्रांक शुल्काचा हिशेब असा: पूर्ण मुदतीचे भाडे, त्यात परत न मिळणारी अनामत असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. महिना ८,००० भाडे, ११ महिने आणि ३०,००० अनामत असेल तर ८८,००० अधिक २,७५० मिळून ९०,७५० होतात. त्याचा पाव टक्का सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, शहरी भागात १,०००. वर हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्या एजंटाची मजुरी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि अंगठा वापरून घरबसल्या करार होतो. दोन साक्षीदारही आधारसह लागतात. नेमका आकडा भरण्याआधी तिथल्याच गणकात तपासा.

अडते ते बहुधा अंगठ्यापाशी. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. हात साबणाने धुऊन थोडे तेल लावून पुसायला सांगा, दहाही बोटे एकेक करून पाहा. तरी नाही जमले तर दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाऊन करार नोंदवता येतो.

करारात काय लिहून घ्यावे?

छापील मसुदा शहरातल्या फ्लॅटचा असतो. गावासाठी त्यात एवढे घाला: पाणी कुठून आणि टँकर लागला तर पैसे कोण देणार. वीज स्वतंत्र मीटरची की मालकाच्या, आणि मालकाची असेल तर युनिटला किती. सेप्टिक टाकी उपसायचा खर्च कोणाचा. छताची गळती किती दिवसांत दुरुस्त होईल. गाडी कुठे लावायची. अंगण, माळा, मागची पडवी यांतले तुमच्या वापरात काय. मालक शेजारीच राहत असेल तर ही शेवटची ओळ फार उपयोगी पडते, नाहीतर तुमच्या पडवीत कांद्याची पोती येऊन पडतात.

पोलिसांना कळवावे लागते का?

हो. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्याला द्यायची असते, ऑनलाइनही देता येते. हद्द आधी विचारून घ्या. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन पोलिस दले इथे लगतच्या गावांत काम करतात. पोलिसपाटलांनाही भेटून या. चहा होतो आणि ओळख राहते.

घराभोवती दोन गुंठे मोकळी जागा आहे. भाजी लावू का?

चार वाफे मेथी-कोथिंबीर कुणी अडवत नाही. पण बांधापलीकडची जमीन कसायला मागितलीत तर मालकाचा चेहरा बदलेल. त्याला भीती कुळाची असते. १९४८ च्या कूळ कायद्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले आणि अनेक घरांत त्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्यामुळे करारात "फक्त राहण्यासाठी, शेतजमीन समाविष्ट नाही" असे वाक्य मालक घालायला लावेल. घालू द्या. आंबा, नारळ, शेवगा या झाडांची फळे कोणाची, हेही तेव्हाच विचारून घ्या. हा प्रश्न किरकोळ वाटतो, मे महिन्यात तो किरकोळ राहत नाही.

पाण्याचे काय? मालक म्हणतो, भरपूर आहे.

"भरपूर" हे दिवाळीतले उत्तर आहे. तुम्ही विचारायचे ते एप्रिल-मेबद्दल, आणि मालकाला नाही, शेजारणीला. नळ किती दिवसांनी येतो, किती वाजता, किती वेळ? पहाटे साडेचारला येत असेल तर भरणार कोण?

हिशेब सोपा आहे. माणशी १०० लिटर धरले तर चौघांना दिवसाला ४०० लागतात. नळ दिवसाआड येत असेल तर किमान ८०० लिटर साठवण हवी, एखादी खेप चुकणार हे धरून १,००० ते १,५००. गावच्या नळाचे पाणी गच्चीवरच्या टाकीपर्यंत सहसा चढत नाही. म्हणून जमिनीलगत हौद किंवा टाकी आणि तिथून वर चढवायला अर्धा एचपीची मोटर लागते. हौदाला झाकण घट्ट हवे, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच तयार होतात. आठवड्यातून एक दिवस हौद रिकामा करून घासून कोरडा करायचा. मोटर थेट ग्रामपंचायतीच्या नळाला जोडू नका. पुढच्या आळीचे पाणी तुटते, भांडण होते आणि पंचायत मोटर जप्त करू शकते.

बोअरचे पाणी असेल तर दोन गोष्टी. भर उन्हाळ्यात सलग किती मिनिटे चालते ते विचारा. दहा मिनिटांत हवा टाकायला लागत असेल तर ते पाणी तीन कुटुंबांना पुरणार नाही. दुसरे, जडपणा. गिझरची कॉइल आणि नळाच्या जाळ्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या की समजा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. ५०० च्या खाली असेल तर आरओ घेऊ नका, साधे गाळणे आणि उकळणे पुरते. आरओ जितके पाणी देतो त्याहून जास्त वाया घालवतो आणि इथे प्रत्येक बादली मोजून असते. तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. गावात नेमलेला जलसुरक्षक कुठे नमुना द्यायचा ते सांगतो.

पंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची पूड) नियमित पडते का, हेही त्यालाच विचारा. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल म्हणजे साथीचा धोका जास्त. कार्डाचा रंग विचारायला लाजू नका. जून-जुलैत, पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आले की, निदान दोन आठवडे पाणी उकळूनच प्या.

वीज किती जाते, आणि बिल कसे भरायचे?

आधी पाहा, घर कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या कोणत्या वीजवाहिनीवर आहे. गावठाणाच्या फीडरवर असेल तर वीज जवळजवळ शहरासारखी. शेतातले घर शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री-फेज ठरावीक तासच, आणि तेही आठवड्याआड दिवसा किंवा रात्री. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात वायर ओढलेली असेल तर ते घर घेऊ नका. मंजूर कारणाबाहेरचा तो वापर ठरतो आणि महावितरणचे पथक आले की दंडाची आकारणी होते.

मीटर स्वतंत्र हवे. त्याचे कारण दराच्या टप्प्यांत आहे. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० युनिट असे चढत जातात. पाच खोल्यांचे प्रत्येकी ९० युनिट वेगळ्या मीटरवर असतील तर पाचही पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसतात. तेच एका मीटरवर आले की ४५० युनिट होतात आणि वरचे युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. मग मालक सगळ्यांना एकच चढा दर लावतो. त्यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही, त्याचे बिल खरेच तेवढे आलेले असते. स्वतंत्र जोडणीसाठी भोगवटदार म्हणून तुम्हीही अर्ज करू शकता, सोबत नोंदणीकृत करार आणि मालकाची संमती जोडा. राहायला आल्या दिवशी मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि मालकाला पाठवून ठेवा. बारा आकडी ग्राहक क्रमांक असला की बिल फोनवरून भरता येते. तक्रारीसाठी १९१२.

देखभालीसाठी वीजपुरवठा इकडे बहुधा गुरुवारी बंद ठेवतात. घरून काम करणाऱ्यांनी गुरुवारी महत्त्वाच्या बैठका ठेवू नयेत. वळवाच्या पावसात, एप्रिलपासून जूनपर्यंत, झाड तारेवर पडले की रात्रभर, कधी दीड-दोन दिवस अंधार. इन्व्हर्टर घ्याच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर अशा साधारण २०० वॉटच्या भाराला पाच ते सहा तास पुरते. फ्रिजला स्टॅबिलायझर लावा, कारण संध्याकाळी व्होल्टेज उतरते. अर्थिंग आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरात ती बहुतेक वेळा तीन पिनांच्या सॉकेटपुरतीच असते, मागे काही जोडलेलेच नसते.

घर पाहायला कधी जावे?

जुलैत. मुळशी-मावळच्या पावसात घर लपवाछपवी करू शकत नाही. उन्हाळ्यात पाहत असाल तर रंगाकडे बघू नका, या जागा बघा: भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पोपडे, स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यातली तपकिरी रेघ, खिडकीखालची फुगलेली जागा, कपाटाच्या मागचा कुबट वास. ताजा रंग एकाच भिंतीला असेल तर तीच भिंत हाताने ठोकून पाहा.

पत्र्याचे घर स्वस्त, पण एप्रिल-मेत दुपारी आत बसवत नाही आणि पावसात फोनवर बोलता येत नाही. कौलारू घर गारव्याला छान, मात्र दरवर्षी मेमध्ये कौले चाळावी लागतात. ती माणसे आता मिळणे अवघड, म्हणून हे काम मालकाने करायचे असे लिहून घ्या. पश्चिमेच्या भिंतीला पागोळ्यांचे पाणी थेट लागते का तेही पाहा. गाडी दारापर्यंत येते असे मालक सांगतो ते डिसेंबरात खरे असते. शेवटचे दोनशे मीटर काळ्या मातीचे असतील तर पावसाळ्यात दुचाकी डांबरी रस्त्यालगत कुणाच्या तरी अंगणात लावावी लागेल. ते अंगण कुणाचे, हे आधीच ठरवा.

शौचालय, सांडपाणी, कचरा?

ड्रेनेज नसते, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो. टाकी किती कप्प्यांची, शेवटची कधी उपसली आणि उपसणारी गाडी तिथपर्यंत पोचते का, एवढे विचारा. गाडीचा पाइप पोचत नसेल तर टाकी भरल्यावर हाल होतात. शोषखड्डा विहीर किंवा बोअरपासून निदान १५ मीटर लांब हवा. भर पावसात जमिनीतले पाणी वर येते आणि शौचालय सावकाश उतरू लागते. तेव्हा ॲसिड ओतू नका, टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि अडचण वाढते.

घंटागाडी सगळीकडे येत नाही. ओला कचरा परसात खड्ड्यात मातीच्या थराखाली टाका. प्लास्टिक साठवून भंगारवाल्याला द्या. शेजारी जाळतात म्हणून तुम्ही जाळू नका.

गॅस, नेट, कुरिअर?

गॅसचे कनेक्शन त्या गावच्या वितरकाकडे वर्ग करा, पत्त्याला नोंदणीकृत करार चालतो. ग्रामीण वितरकाची गाडी बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून ठरावीक दिवशीच येते, म्हणून दोन सिलिंडर ठेवा. नेट पाहण्यासाठी फोन घेऊन घराच्या आतल्या खोलीत उभे राहा, अंगणात नाही. स्थानिक केबलवाल्याचे फायबर असेल तर त्याचा लाइनमन कुठे राहतो तेही विचारा. कुरिअरला पत्ता देताना दुकानाचे नाव आणि दुकानदाराची परवानगी, दोन्ही लागतात.

रोजचा प्रवास जमेल का?

घर घेण्याआधी सोमवारी सकाळी साडेआठला ते अंतर एकदा कापून बघा. नकाशावरचा रविवारचा वेळ खरा मानू नका. चांदणी चौकातले नवे पूल २०२३ मध्ये सुरू झाले, पण पौड रस्त्यावर गर्दीच्या वेळी भूगावात अडकणे चालूच आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणी, मुळशी, सिंहगड, लोणावळा या बाजूंना पर्यटकांची रांग लागते, तेव्हा तुम्ही गावातच राहा. सासवडच्या दिशेला राहणार असाल तर ज्ञानोबा माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी रस्ता बंद असतो, रजा टाका. पीएमपीची शेवटची बस किती वाजता सुटते हे फलकावर नाही, कंडक्टरला विचारा.

मुलांची शाळा?

अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा पायी अंतरावर असते. वर्षाच्या मध्यात आलात तरी आठवीपर्यंत प्रवेश मिळतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. गावच्या शाळेला नाक मुरडण्याआधी एकदा आत जाऊन शिक्षकांना भेटा. इंग्रजी शाळेच्या बसच्या फीपेक्षा तिचा पहाटेचा वेळ जास्त महाग पडतो.

साप निघतात का?

निघतात. पुण्याच्या परिसरात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे असे चारही प्रमुख विषारी साप सापडतात. लाकडे, विटा, पेंढा भिंतीला लागून रचू नका, तिथे उंदीर होतात आणि उंदरामागे साप येतो. दाराखालची फट बंद करा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, बूट झटकून घाला. मण्यार रात्री फिरते आणि तिच्या दंशाला वेदना फारशी नसते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, जड पापण्या किंवा गिळायला त्रास घेऊन उठतो. म्हणून पलंग वापरा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

दंश झाला तर अंगठी-बांगड्या काढा, तो अवयव फळीला सैल बांधून हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. घट्ट दोरी बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिक, यातले काहीही नाही. वरच्या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नाही. प्रतिविष कुठल्या सरकारी रुग्णालयात ठेवलेले असते ते राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून भिंतीवर लिहा.

खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूरकडे उसातला बिबट्या हीदेखील रोजची गोष्ट आहे. अंधार पडल्यावर लहान मुले अंगणात नकोत, कुत्रा रात्री आत घ्या, उसाच्या कडेने जाताना मोबाइलवर गाणे लावा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६.

वर्गणी किती द्यायची? गावात मिसळायचे कसे?

ग्रामदैवताची यात्रा, गणपती, हरिनाम सप्ताह, कधी मंदिराचा जीर्णोद्धार. भाडेकरूकडून घरटी वर्गणीइतकी अपेक्षा सहसा नसते, पण काहीच न देणारा लक्षात राहतो. शेजारी किती देतो ते विचारून त्याच्या निम्मे द्या आणि पावती घ्या. सप्ताहाच्या पंगतीला एकदा तरी बसा. लग्नाचे आवतण आले तर अक्षता टाकून या, आणि शेजारी कुणी गेले तर बोलावणे नसले तरी जायचे असते. पंचायतीच्या निवडणुकीत कोणाचा बॅनर तुमच्या भिंतीवर लागतो याकडे लक्ष ठेवा. भाडेकरूने त्यात बाजू घेऊ नये.

आडनाव, गाव, जात विचारली जाईल, कधी सरळ, कधी "पाहुणे कुठले?" असे वळसा घालून. जातीवरून किंवा धर्मावरून घर नाकारणारे मालक गावातही आहेत, शहरातही आहेत. एकटी बाई किंवा दोन-चार मित्र राहणार असतील तर ते लपवू नका. मटण-मासे चालतात का, पाहुणे मुक्कामी आले तर चालते का, रात्री फाटक किती वाजता बंद होते, हे अनामत देण्याआधी मोकळेपणाने विचारा. मालकिणीला वयाप्रमाणे मावशी, काकू किंवा वहिनी म्हणा. "मॅडम" म्हटले की भाडे शहराचे सांगितले जाते.

आवाज आणि वास?

कार्तिकात पहाटेचा काकडा असतो आणि तो भोंग्यावर असतो. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे, पण नव्या माणसाने पहिल्या वर्षी तक्रार करू नये असे आमचे मत. वासाचे मात्र आधी पाहा. पोल्ट्री, वीटभट्टी, खडी क्रशर घराच्या कोणत्या दिशेला आहे? जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून घराच्या पश्चिमेला पोल्ट्री असेल तर पावसाळाभर माश्या आणि वास दोन्ही तुमच्याकडे येतील.

रेशन आणि मतदान?

शिधापत्रिका बदलण्याची घाई नको. देशात कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. मतदार यादीतला पत्ता बदलायला अर्ज क्रमांक ८, पहिल्यांदा नाव घालायला ६.

सोडताना अनामत परत मिळते का?

गावात अनामत बहुधा एक ते तीन महिन्यांच्या भाड्याइतकी असते आणि ती मालकाने बियाण्यात किंवा लग्नात घातलेली असते. म्हणून महिनाभर आधी लेखी सूचना द्या आणि त्याच दिवशी अनामतीची तारीख ठरवा. शेवटचे भाडे अनामतीतून वळते करायचे असेल तर दोघांच्या सहीने, परस्पर नाही. रिकाम्या घरात मालकाबरोबर एक फेरी मारा, येताना काढलेले फोटो हातात ठेवून. मीटरचा आकडा, टाकी, नळ, पंखे, खिळ्यांची भोके, सगळे तिथल्या तिथे बोलून घ्या. पैसे बँकेत आल्यावर चावी द्या. अडलेच तर आधी पोलिसपाटील किंवा तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांकडे बसा. नोंदवलेला करार आणि फोटो समोर ठेवले की तिथे तास-दोन तासांत बऱ्याचदा मिटते. नाही मिटले तर वकिलाची नोटीस.